संशयास्पद आणि बुडीत

मराठवाड्याच्या सीमेवरील एका तालुक्याच्या गावी, बाजारपेठेच्या मध्यभागी, कापडाचे एक जुने दुकान आहे. मारवाडातून आलेल्या आजोबांनी आधी बैलगाडीत गाठोडी टाकून आठवडी बाजार केले आणि मग एका गाळ्यात गादी मांडली. वडिलांनी शेजारचा गाळा घेतला. आज साठीला आलेले तिसऱ्या पिढीचे मालक, ज्यांना घरात आणि पेठेतही सारे बाबूजी म्हणतात, त्यांनी ऐन उमेदीच्या वयात दोन्ही गाळ्यांमधली भिंत काढून एक प्रशस्त दुकान केले. ती भिंत पडली त्या दिवशी त्यांनी साऱ्या पेठेला पेढे वाटले होते. जुनी गिऱ्हाइके अजूनही त्या दुकानाला ‘भिंत पाडलेलं दुकान’ म्हणतात.

गेल्या काही वर्षांत दुकानाची रया गेली. तयार कपड्यांनी शर्ट-पँटच्या कापडाचे गिऱ्हाईक नेले, मोबाइलवरच्या खरेदीने तरुण पिढी नेली, आणि लागोपाठ दोन हंगामांत पावसाने दगा दिल्यामुळे शेतकऱ्यांकडची उधारी थकली. सुरतच्या घाऊक व्यापाऱ्यांचे देणे वेळेवर जाईना. इथवर जे घडले तो व्यापारातला चढउतार होता. तीन पिढ्यांच्या दुकानाने असे चढउतार यापूर्वीही पाहिले होते. परंतु या वेळी दुकानाबरोबर मालकही उतरले.

प्रथम कोणाच्या ते ध्यानात आले नाही. बाबूजी वेळेवर दुकान उघडत, नवकार म्हणून गादीवर बसत, गिऱ्हाइकाशी गोड बोलत. मात्र लग्नसराईचा माल भरण्यासाठी सुरतेला जाणे त्यांनी दोनदा पुढे ढकलले. बँकेच्या कॅश क्रेडिट खात्यासाठी दरमहा द्यायचे स्टॉक स्टेटमेंट ते मागच्या महिन्याचे आकडे थोडेफार इकडेतिकडे करून भरू लागले. ताके मोजण्याचे त्यांनी सोडून दिले होते. उधारीच्या वहीला कित्येक महिने हात लागला नव्हता. संध्याकाळी, सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाला बसताना, ते एकच वाक्य बोलत, “आता या धंद्यात राम राहिला नाही.”

चार वर्षे दुकानात बसणाऱ्या बी.कॉम. झालेल्या मुलाला त्यांनी पुण्याला नोकरी पाहण्यास सांगितले. मोबाइलचे दुकान थाटू इच्छिणाऱ्या एका तरुणाने संपूर्ण जागा भाड्याने मागितली होती. दिवाळीनंतर ती द्यायची, असे बाबूजींनी मनाशी जवळपास ठरवले. मुलाने विचारले, “बाबूजी, धंदा किती तोट्यात आहे ते एकदा मांडून पाहूया का?” त्यावर उत्तर आले, “मांडायचं काय त्यात? दिसतंच आहे.”

या चार शब्दांत पराभूतवृत्तीचे सारे मर्म आले. पराभव ही एक घटना असते. तिला तारीख असते, रक्कम असते, आणि ती वहीत लिहिता येते. पराभूतवृत्तीला यांतले काहीच नसते. घटना घडण्याची तिला गरजही नसते. मोजदाद होण्यापूर्वीच तिने निकाल दिलेला असतो. म्हणूनच तिला हिशेबाचे वावडे असते. आकडे मांडले तर कदाचित दुकान बंद करावे लागेल, ही भीती समजण्याजोगी आहे. पण आकडे मांडले तर कदाचित ते चालवावे लागेल, नव्याने कष्ट घ्यावे लागतील, पुन्हा लोकांच्या दारी जाऊन उभे राहावे लागेल, ही भीती त्याहून खोलवर दडलेली असते आणि ती कोणी सहसा बोलून दाखवत नाही.

शिवाय ही वृत्ती आपल्या खऱ्या नावाने कधी घरात येत नाही. ती अनुभवाच्या वेषात येते आणि म्हणते, ‘चाळीस वर्षं हेच पाहिलंय, मला नका सांगू.’ ती संतोषाच्या वेषात येते आणि म्हणते, ‘किती कमवायचं? कुठंतरी थांबायलाच हवं.’ जैन घरात तिला आणखी एक उंची वस्त्र सहज मिळते, ते अपरिग्रहाचे. बाबूजीही अलीकडे अपरिग्रहावर बोलू लागले होते. वास्तविक अपरिग्रह म्हणजे हाती असलेल्या, हाती येऊ शकणाऱ्या वस्तूवरची आसक्ती जाणीवपूर्वक कमी करणे. जी वस्तू मिळवण्याचे बळ आपल्यात उरले नाही असे वाटते, तिच्याकडे पाठ फिरवणे म्हणजे अपरिग्रह नव्हे. कोल्ह्याने द्राक्षे आंबट म्हटली म्हणून त्याला कोणी त्यागी म्हटलेले नाही. परीक्षा सोपी आहे. ज्याने खरोखर सोडले, त्याच्या मनाला हलकेपणा येतो. बाबूजी मात्र रात्री तीन-तीनदा उठून अंगणात फेऱ्या मारत होते.

सर्वांत भारी वेष कर्माचा. “जे कर्मात असेल ते होईल,” असे बाबूजी म्हणत, आणि घरात कोणालाही त्यावर बोलता येत नसे. कारण कर्मसिद्धांत नाकारणार कोण? पण कर्मसिद्धांत आणि नियतिवाद या दोन गोष्टी एक नाहीत. हा भेद श्रावकांना समजावून सांगणारी एक कथा आगमांतच आहे, आणि ती एका व्यापारी गृहस्थाचीच आहे.

उपासकदशांग सूत्रात भगवान महावीरांच्या दहा श्रावकांची चरित्रे आहेत. त्यांतील सातवा सद्दालपुत्र, पोलासपूरचा कुंभार. कुंभार म्हटल्यावर डोळ्यांपुढे येणारे चित्र त्याला लागू पडत नाही. त्याच्याजवळ तीन कोटी सुवर्णमुद्रांची संपत्ती होती: एक कोटी ठेवीत, एक कोटी व्याजी लावलेली, एक कोटी घरदारात गुंतलेली. दहा हजार गाईंचा कळप होता आणि नगराबाहेर भांड्यांची पाचशे दुकाने होती. हा सद्दालपुत्र आजीवक पंथाचा, गोशालकाचा अनुयायी होता. उत्थान नाही, बल नाही, वीर्य नाही, पुरुषार्थ नाही. जे होते ते ठरलेलेच होते, असे त्या पंथाचे मत होते.

एकदा सद्दालपुत्र आपली भांडी उन्हात वाळत घालत असताना भगवंतांनी त्याला विचारले, ही भांडी कशी तयार होतात? त्याने सगळी रीत सांगितली: माती आणायची, पाण्यात भिजवायची, राख आणि शेण मिसळायचे, चाकावर चढवायची. मग भगवंतांनी विचारले, ही भांडी प्रयत्नाने होतात की प्रयत्नावाचून? आपल्या मताला धरून त्याने उत्तर दिले, प्रयत्नावाचून. सारे नियतच आहे. तेव्हा भगवंतांनी पुढचा प्रश्न केला. एखाद्याने तुझी ही भांडी चोरली, फोडली, किंवा तुझ्या पत्नीवर, अग्निमित्रेवर वाईट नजर टाकली, तर तू काय करशील? सद्दालपुत्र म्हणाला, मी त्याला पकडीन, मारीन, बांधून ठेवीन. भगवंत म्हणाले, पुरुषार्थच नसेल आणि सारे ठरलेलेच असेल, तर त्या माणसाने काही केलेच नाही. मग तू शिक्षा कोणाला करणार? आणि तू शिक्षा करणार असशील, तर सारे नियत आहे हे तुझे म्हणणे खोटे ठरते.

या संवादात एक बारकी गोष्ट आहे. सद्दालपुत्र आळशी नव्हता. पाचशे दुकाने आळशी माणसाची नसतात. दिवसभर तो पुरुषार्थ करीत होता आणि तोंडाने पुरुषार्थ नाकारीत होता. त्याचे मत त्याच्या जगण्यात कुठेच नव्हते. बाबूजींचेही असेच होते. त्याच महिन्यात दुकानाचे विजेचे बिल नेहमीच्या दुप्पट आले, तेव्हा ते तीन वेळा कार्यालयात गेले, मीटर तपासून घेतला आणि बिल दुरुस्त करूनच परतले. त्या वेळी ‘कर्मात असेल तेवढं बिल येईल’ असे त्यांना सुचले नाही. नियती त्यांनी फक्त एकाच ठिकाणी मान्य केली होती: जिथे उठून लोकांसमोर जायचे होते आणि नकार ऐकण्याची शक्यता होती, तिथे.

जैन कर्मसिद्धांत तर याहून पुढे जातो. बांधलेल्या कर्माची स्थिती आणि तीव्रता पुरुषार्थाने कमी-अधिक होऊ शकते; अपकर्षण, उत्कर्षण, संक्रमण हे शब्द त्यासाठीच आहेत. जे भोगल्यावाचून सुटत नाही ते फक्त निकाचित कर्म. आता आपल्या वाट्याचे कोणते कर्म निकाचित आहे, हे केवलज्ञानी जाणतात. कापड दुकानाच्या गादीवर बसलेल्या माणसाला ते कळले आहे, असे मानण्यात नम्रता कमी आणि अहंकार अधिक आहे. ‘माझे काही होणार नाही’ हे वाक्य वरकरणी फार विनयाचे वाटते. वस्तुतः ते भविष्य ठाऊक असल्याचा दावा करते.

हिशेबशास्त्राची याबाबतची समज मोठी समतोल आहे. सावधगिरीचा एक संकेत वाणिज्य शाखेचा प्रत्येक विद्यार्थी पहिल्या वर्षी शिकतो: संभाव्य तोट्याची तरतूद आधी करावी, संभाव्य नफा मात्र हाती येईपर्यंत धरू नये. पुष्कळांना वाटते की हिशेबनीस हा स्वभावतः निराशावादी असतो, तो यामुळे. पण त्याच पुस्तकात त्याच्याही आधी दुसरे गृहीतक दिलेले असते: व्यवसाय चालू आहे आणि चालू राहणार आहे असे धरूनच हिशेब मांडावा. तसे न धरण्याला सबळ कारण लागते. तोट्याची तरतूद करायची ती धंदा चालवायचा आहे म्हणून. चालवायचाच नसेल तर तरतूद तरी कशासाठी?

बँकेच्या वहीतही हाच विवेक आहे. हप्ता किंवा व्याज ९० दिवसांपेक्षा अधिक काळ थकले की कर्ज अनुत्पादक ठरते. पण अनुत्पादक म्हणजे बुडीत नव्हे. आधी त्याचा दर्जा उतरतो, बारा महिने उलटल्यावर ते संशयास्पद होते, आणि वसुलीची आशा जवळजवळ संपली तरच ते बुडीत म्हटले जाते. संशयास्पद आणि बुडीत हे दोन वेगळे रकाने आहेत. थकलेली सारी बाकी भरली गेली, तर खाते पुन्हा नियमित वर्गात येऊ शकते. इतकेच नव्हे, तर एखादे कर्ज वहीतून निर्लेखित केले, तरी कर्जदाराचे दायित्व संपत नाही आणि वसुलीचा प्रयत्नही थांबत नाही. पराभूतवृत्तीचा माणूस करतो ते असे: संशयास्पद रकान्यातले सारे तो एका रात्रीत बुडीत रकान्यात टाकतो, आणि तेही एकदासुद्धा स्मरणपत्र न पाठवता.

बाबूजींच्या उधारीच्या वहीत २१४ खाती होती. पर्युषणानंतर एका रविवारी मुलाने ती वही खाली काढली, धूळ पुसली आणि वडिलांना काही न विचारता एका कोऱ्या वहीत खातेनिहाय बाक्या उतरवू लागला. पहिले दोन दिवस बाबूजींनी तिकडे पाहिलेही नाही. तिसऱ्या दिवशी मुलाने एक नाव चुकीच्या गावाखाली लिहिले, तेव्हा त्यांना राहवले नाही. “तो तिथला नाही, वरच्या वस्तीवरचा. त्याचा बाप आजोबांकडून धोतरजोडी नेत असे,” असे म्हणत ते शेजारी येऊन बसले. मग रोज रात्री दुकान वाढवल्यावर तास-दीड तास हे काम चालले. कोण वारले, कोणाची जमीन विकली गेली, कोणाचा मुलगा शिक्षक झाला, हे सारे बाबूजींच्या मुखोद्गत होते. वहीतले आकडे पुन्हा माणसे झाली.

त्यानंतर मुलगा मोटारसायकलवरून गावोगाव जाऊ लागला. काहींनी टोलवले, काहींनी पुढची तारीख दिली, एक-दोघांनी उलट चार शब्द ऐकवले. पण एका वस्तीवरच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने जे सांगितले, ते मुलाने घरी येऊन जसेच्या तसे ऐकवले. तो म्हणाला होता, “शेठनी तीन वर्षांत एकदाबी मागितलं नाही. मला वाटलं, त्यांनी आमचं नावच टाकलं. मग दुकानाची पायरी चढायची लाज वाटू लागली.” दुसऱ्या दिवशी तो स्वतः आला, निम्मी बाकी भरली आणि नातीच्या लग्नाचे आहेराचे कापडही तिथेच घेतले.

हे ऐकल्यावर बाबूजी बराच वेळ बोलले नाहीत. गिऱ्हाईक आपल्याला सोडून गेले असे ते मानत होते. आपणच न मागून गिऱ्हाइकाचा दरवाजा बंद केला, हे त्यांच्या मनात कधी आले नव्हते. लाज दोन्ही बाजूंना होती. सुरतचे देणे राहिले म्हणून ते लाजले, म्हणून कोणाकडे मागायला गेले नाहीत. ते आले नाहीत म्हणून गिऱ्हाईक लाजले. एका माणसाची पराभूतवृत्ती अशी भोवतालच्या दहा माणसांच्या व्यवहारात उतरते. घरातली मुले तर ती न शिकवता शिकतात.

दिवाळीच्या आधी सगळे आकडे एकत्र मांडले गेले. निम्म्याच्या आसपास खात्यांतून थोडेफार पैसे आले होते. उरलेल्यांपैकी काही खरोखरच बुडीत निघाली, आणि त्यांच्यापुढे तसे लिहिताना बाबूजींचा हात थरथरला नाही. मोजून सोडलेल्या पैशाचे दुःख निराळे असते. आलेल्या रकमेतून सुरतच्या देण्याचा मोठा हप्ता गेला. ताके मोजले गेले आणि स्टॉक स्टेटमेंटवर दीर्घ काळाने खरे आकडे लिहिले गेले. दुकानाचे विभागवार उत्पन्न काढले, तेव्हा चित्र स्पष्ट झाले. शर्ट-पँटच्या कापडाचा विभाग खरेच संपला होता. तिथला माल तीन-तीन वर्षे हलला नव्हता. परंतु आहेराच्या साड्या, खण, टॉवेल-टोप्या आणि शाळांचे गणवेश यांचे गिऱ्हाईक टिकून होते, आणि नीट माल भरला तर वाढण्याजोगेही होते. त्यासाठी दोन गाळे नकोत. एक पुरेसा होता.

म्हणजे दुसरा गाळा मोबाइलच्या दुकानाला द्यावा आणि मधली भिंत पुन्हा बांधावी, असा हिशेबाचा निष्कर्ष निघाला. इथे बाबूजी अडले. सारे दुकान देण्याची त्यांची तयारी होती, अर्धे ठेवण्याची नव्हती. “ज्या हातांनी पाडली त्याच हातांनी बांधू? पेठेला काय तोंड दाखवू?” असे ते म्हणाले. सगळे सोडण्यात एक प्रकारचा मोठेपणा राखता येतो. अर्धे ठेवून रोज त्या नव्या भिंतीकडे पाहत बसणे कठीण. पराभूतवृत्तीचा हा शेवटचा डाव असतो: पूर्ण विजय नसेल तर पूर्ण हार बरी, अशी ती समजूत घालते.

जैन व्यापारी घरांत वालचंद हिराचंद यांचे नाव अभिमानाने घेतले जाते. १८८२ साली सोलापूरला, कापूस आणि सावकारीचा व्यवसाय असलेल्या दिगंबर जैन कुटुंबात जन्मलेल्या या पुरुषाने जहाज, विमान आणि मोटार अशा तिन्ही उद्योगांत पाऊल टाकले, हे सर्वांना ठाऊक असते. ५ एप्रिल १९१९ रोजी सिंदिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले, म्हणून आजही तो दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. पण अशी उदाहरणे सांगताना मधली पाने गाळली जातात, आणि मग ‘ते मोठे होते, आपण कुठे’ असे म्हणून सामान्य माणूस अधिकच खचतो. गाळली जाणारी पानेच खरी उपयोगी आहेत.

परदेशी कंपन्यांनी भाड्याचे दर इतके खाली आणले, की नव्या कंपनीचा श्वास कोंडला. अखेर १९२३ साली सिंदियाला ब्रिटिश कंपन्यांशी दहा वर्षांचा करार करावा लागला. किती टनांची जहाजे ठेवायची आणि ती कुठे चालवायची, यांवर त्याने बंधन आले. समुद्रापार जाण्याच्या स्वप्नाला किनारपट्टीपुरते आवरून घ्यावे लागले. हाही भिंत पुन्हा बांधण्याचाच प्रकार होता. पुढे १९४० साली बंगळुरूला विमानांचा कारखाना काढला, तर १९४२ साली तो सरकारने आपल्या ताब्यात घेतला. विशाखापट्टणमच्या जहाजबांधणी केंद्राची पायाभरणी जून १९४१ मध्ये राजेंद्रप्रसादांच्या हस्ते झाली, आणि वर्षाच्या आत, एप्रिल १९४२ मध्ये, त्या शहरावर जपानी बाँब पडले व काम खोळंबले. तिथून ‘जलउषा’ हे जहाज पाण्यात उतरायला १४ मार्च १९४८ उजाडला. यांतील प्रत्येक टप्प्यावर सारे सोडून देण्याचे सबळ कारण उपलब्ध होते. वालचंदांची संपत्ती किंवा धडाडी प्रत्येकाला मिळणार नाही. पण आखडून घेतलेल्या जागेतही जहाजे चालू ठेवायची, हे मात्र एका गाळ्याच्या दुकानदारालाही करता येते.

बाबूजींची गाठ मात्र वालचंदांनी सोडवली नाही. ती सोडवली त्यांच्या आईने. दादीजींचे वय ऐंशीच्या पुढे. रोज एक सामायिक करण्याचा त्यांचा नियम चाळीस वर्षांहून जुना. काही वर्षांपूर्वी पडून त्यांचे खुब्याचे हाड मोडले आणि कित्येक आठवडे त्यांना उठून बसताही आले नाही. बरे वाटू लागल्यावर त्यांनी साध्वीजींना घरी विनंती केली, झालेल्या खंडाचे प्रायश्चित्त घेतले आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा अठ्ठेचाळीस मिनिटे मुहपत्ती बांधून बसू लागल्या. जमिनीवर कटासणे टाकून बसणे आता शक्य नव्हते, म्हणून खुर्चीवर. भिंतीचा विषय घरात निघाला, तेव्हा त्या म्हणाल्या, “माझा नियम मोडला होता रे, मी सोडला नव्हता. आता खुर्चीवर बसते. सामायिक तीच आहे.”

एवढे बोलून त्या प्रतिक्रमणाला निघून गेल्या.

ज्या धर्मात रोज संध्याकाळी प्रतिक्रमण करायला सांगितले आहे, त्या धर्मात माणसाच्या हातून चुका होतील, व्रताला अतिचार लागतील, हे आधीच धरलेले आहे. व्रत घेतानाच त्याच्या दुरुस्तीची सोय दिलेली आहे. प्रतिक्रमण म्हणजे परत फिरणे, जिथून घसरलो तिथे माघारी येणे. चुकलो म्हणून व्रतच टाकून द्यावे, असे कोणत्याही साधूने श्रावकाला सांगितलेले नाही; आणि चुकलोच नाही असे म्हणण्याचीही सोय ठेवलेली नाही. दुकानदार हेच काम रोजमेळात करतो. दिवसाची जमा, दिवसाचा खर्च, शिल्लक, आणि उद्याचे पान. तोट्याचा दिवस असला म्हणून कोणी रोजमेळ फाडत नाही.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात गवंडी आला आणि भिंत उभी राहिली. बाबूजी त्या दिवशी दुकानातच बसून होते. पेठेतल्या एकाने खोचून विचारले, “काय बाबूजी, भिंत बांधली?” ते म्हणाले, “बांधली. पलीकडचं भाडं येतं, अलीकडचा धंदा चालतो.” आवाजात आनंद नव्हता, पण लपवाछपवीही नव्हती. मुलाची पुण्याची बात तूर्त मागे पडली. वर्षभर बघू आणि पुढच्या दिवाळीला पुन्हा मांडू, असे बापलेकांत ठरले. धंदा तगेल की नाही, हे आजही कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. ते खाते अजून संशयास्पदच आहे.

दिवाळीला चोपडापूजन झाले. नव्या वहीच्या पहिल्या पानावर रिवाजाप्रमाणे गौतमस्वामींची लब्धी, शालिभद्राची ऋद्धी, अभयकुमाराची बुद्धी आणि बाहुबलीचे बळ मागितले गेले. जैन माणसाची दिवाळी ही मुळात वियोगाची रात्र आहे. त्या रात्री भगवंतांचे निर्वाण झाले. देवशर्म्याला बोध करून परतणाऱ्या गौतमांना वाटेत ती वार्ता कळली आणि एवढे ज्ञानी गणधर लहान मुलासारखे शोक करू लागले. त्या शोकातूनच त्यांना आपल्या रागभावाची जाणीव झाली आणि पहाट होण्यापूर्वी केवलज्ञान प्रकटले. वीर निर्वाण संवताचे नवे वर्ष त्या सकाळपासून मोजतात.

बाबूजींनी पहिल्या पानावर शुभ आणि लाभ लिहिले, स्वस्तिक काढले. मग जुन्या वहीतल्या उरलेल्या बाक्या एकेक करून नव्या वहीत ओढून घेतल्या. त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याची उरलेली निम्मी बाकीही त्यांत होती. तिच्यापुढे त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिले: मागण्यास जाणे.